टँकमध्ये अनोळखी सी स्लग दिसतोय, किंवा विकत आणलेला स्लग टिकत नाहीये? आधी हे तपासा

मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात घरगुती समुद्री टँक सांभाळायचं काम मी करतो. मासे आजारी पडणं, पोवळी पांढरी पडणं, पाणी गढूळ होणं याची कारणं प्रत्येक घरी वेगळी निघतात. सी स्लगच्या (म्हणजे बाहेरून शंख न दिसणाऱ्या समुद्री गोगलगायींच्या) तक्रारींमागे मात्र बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: तो प्राणी नेमकं काय खातो हे कुणी पाहिलेलंच नसतं. दुकानात रंग बघून घेतला जातो आणि घरी रंग बघूनच नेटवर शोधला जातो. स्लगच्या बाबतीत रंगाने फार फसायला होतं. त्याचं खाणं कळलं की नाव कळायला सोपं जातं, आणि तो ठेवायचा की काढायचा हेही तिथेच ठरतं.

खालचा क्रम मी ठरवून लावलाय. आधी फुकटातली तपासणी, मग थोड्या खर्चाची, शेवटी कष्टाची. मधली पायरी गाळून थेट औषधाच्या बाटलीकडे जाऊ नका.

लक्षणं

न आणलेला प्राणी दिसत असेल तर साधारण असं चित्र असतं:

- लाइट बंद झाल्यावर काचेवर किंवा दगडावर काहीतरी मऊ, बिनशंखाचं सरकताना दिसतं, सकाळी गायब.
- झोआंथिडची (छोट्या फुलांसारखी तोंडं असलेल्या, पोवळ्यांच्या नातलग प्राण्याची) वसाहत दोन-तीन दिवस उघडतच नाही, मग एकेक तोंड नाहीसं व्हायला लागतं.
- मोंटिपोरा या दगडी पोवळ्याच्या कडेने किंवा खालच्या बाजूने पांढरे ओरखडे दिसतात आणि ते रोज थोडे पुढे सरकतात.
- काचेवर, दगडाच्या पोटाला किंवा पोवळ्याखाली जिलबीच्या वेटोळ्यासारखी पांढरी नाहीतर पिवळसर अंड्यांची माळ असते.

विकत आणलेल्या स्लगची लक्षणं वेगळी. तो दिवसेंदिवस आकाराने लहान होत जातो. दगड सोडून काचेवर किंवा पाण्याच्या पातळीशी फिरत राहतो. वाळूवर कुशीवर पडून राहतो, स्पर्श केला तरी हळूच आकसतो. कधी पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी अचानक जांभळं होतं, किंवा पाणी स्वच्छ दिसत असतानाच मासे वर येऊन धापा टाकतात. असं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खाली "थांबायचं कधी" तेवढं बघा.

१. तो खरंच स्लग आहे का?

याला काही खर्च नाही, लागतो फक्त टॉर्च. लाल प्रकाशाचा असेल तर उत्तम, कारण पांढऱ्या उजेडाने हे प्राणी लगेच दगडाखाली जातात. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन पेपर रबराने बांधला तरी चालतं.

स्लगच्या डोक्यावर बहुधा दोन ठळक शिंगं असतात. त्यांनी तो पाण्यातला वास घेतो. डोरिड प्रकारात पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा असतो आणि हात लावला की तो आत ओढला जातो. इओलिड प्रकारात तुरा नसतो, त्याऐवजी पाठभर बोटासारख्या मऊ झालरी असतात. सी हेअर म्हणजे समुद्री ससा जाडजूड असतो, त्याची डोक्यावरची शिंगं गुंडाळलेल्या कानांसारखी दिसतात आणि पाठीच्या कातडीखाली बऱ्याचदा एक पातळ शंखही लपलेला असतो.

ही पायरी गाळू नये, कारण "स्लग" म्हणून आलेल्या फोटोंपैकी बरेचसे दुसऱ्याच प्राण्यांचे निघतात. स्टोमाटेला त्यात सगळ्यात पुढे. ही खरं तर गोगलगाय, पण शंख इतका छोटा आणि पाठीला चिकटलेला की दिसतच नाही. ती चपळ असते, काचेवरचं शैवाल खाते आणि घाबरली की पायाचा मागचा तुकडा तोडून टाकते. टँकसाठी अगदी चांगली. लोक तिला चिमट्याने पकडून फेकून देतात तेव्हा फार वाईट वाटतं. हॅमिनोआ नावाची बुडबुडा-शंखाची गोगलगायही रात्रीच निघते, संख्येने वाढते, पण शैवालच खाते. काळ्या आवरणाचा स्क्युटस हाही शैवाल खाणाराच, त्याच्या पाठीवर मधोमध पांढऱ्या शंखाची पट्टी शोधा.

मग उरतात फ्लॅटवर्म, म्हणजे चपटे कृमी. ते कागदाइतके पातळ असतात. शिंगांसारखं काही दिसलंच तर ती डोक्याच्या कडेची नुसती घडी असते. कल्ले नाहीत, झालरी नाहीत. पिपेटने फवारा मारला की कडा लाटांसारख्या हलतात आणि बऱ्याचदा अंग फाटतं. स्लगचं अंग फाटत नाही, तो आकसून गोळा होतो. दगडावर वीटकरी रंगाचे, शेपटीला तीन टोकं असलेले छोटे ठिपके शेकड्याने दिसत असतील तर ते कन्व्होल्युट्रिलोबा जातीचे कृमी. तो स्लग नाही आणि त्याचा उपायही वेगळा.

सर्वांत सोपी पद्धत अशी: टँकचंच पाणी भरलेल्या पारदर्शक काचेच्या बरणीत त्याला पिपेटने अलगद ओढून सोडा. वरून, बाजूने आणि काचेतून खालून असे तीन फोटो घ्या. खालचा फोटो लोक घेतच नाहीत, आणि पाय, तोंड, कधीकधी कल्लेही तिथेच दिसतात.

२. तो कुठे बसतो आणि सकाळी तिथे काय उरतं?

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त दोन रात्री लागतात. झोपण्याआधी आणि पहाटे एकेकदा लाल टॉर्चने बघा. ज्या वस्तूवर तो सलग दोनदा सापडतो ते बहुधा त्याचं खाणं.

यामागे कारण आहे. गोगलगाय साधारणपणे मिळेल ते खरवडून खाते, पण न्यूडिब्रँक (डोरिड, इओलिड हे स्लग याच गटातले) तसा नाही. एका जातीचा न्यूडिब्रँक बहुधा एकाच गटाचा स्पंज, एकाच प्रकारचा ॲनिमोन किंवा एकाच वंशाचं पोवळं खातो आणि ते नसेल तर दुसऱ्याला तोंडही लावत नाही. त्यामुळे मोंटिपोरावर सापडलेला छोटा पांढरा झालरवाला स्लग मोंटिपोराच खातोय असं धरून चाला. गोनिओपोरावरचा गोनिओपोरा खातो, सन कोरलवरचा सन कोरल. झोआंथिडवर राहणाऱ्या स्लगच्या झालरींचा रंग त्या झोआंथिडच्या तोंडांशी इतका जुळतो की भर उजेडात तो समोर असूनही दिसत नाही. तोंडांच्या रांगेत एखादंच तोंड जरा झुकलेलं, जरा जास्त हलणारं वाटलं तर पिपेटने फवारा मारा. तोंड मिटतं, स्लग सरकतो.

उलट, जो स्लग कशावरच ठरून बसत नाही आणि रात्रभर काच मापत फिरतो, तो उपाशी आहे.

३. पंप, ओव्हरफ्लो आणि शेजारी

थोडा स्पंज आणि प्लास्टिकची जाळी एवढाच खर्च. स्लगला हाडं नाहीत, बाहेर शंख नाही, आणि प्रवाह ओळखून बाजूला व्हायची सवयही नाही. वेव्हमेकरच्या (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर पाय टाकला की तो आत ओढला जातो. विशेषतः सी हेअर असाच जातो, आणि मरताना सोडलेल्या शाईने सगळ्या टँकला उपद्रव करतो. म्हणून स्लग टँकमध्ये सोडण्याआधीच प्रत्येक पंपाला आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी टँकबाहेर जाण्याच्या खाचांच्या) दातांना स्पंज बसवा. दर तीन-चार दिवसांनी तो धुवा, नाहीतर प्रवाह मरतो.

शेजारी बघा. सहा पट्ट्यांचा रॅस, पेपरमिंट झिंगे, काही खेकडे आणि बटरफ्लाय मासे छोटे स्लग खाऊन टाकतात. बर्घिया (पाचव्या पायरीत येणारा छोटा स्लग) "गायब झाली" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा रॅस आहे का ते विचारतो.

४. पाणी

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायला), थर्मामीटर आणि तांब्याची टेस्ट किट. पहिली दोन घरी असायलाच हवीत.

सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, दर हजारी ३५ च्या आसपास, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. तापमान २५-२६ अंश. आकडे सगळ्यांना पाठ असतात, अडचण चढउताराची असते. आपल्याकडे मे महिन्यात चिलरऐवजी पंख्यावर टँक थंड ठेवणारे बरेच जण आहेत. पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागे राहतं आणि ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर दोन दिवसांत सॅलिनिटी वर सरकते. माशाला ते सहन होतं. स्लगचं अंग सगळं उघडं, त्याला होत नाही. तो आकसून पडतो आणि लोकांना वाटतं तो आजारी आहे. वीज गेल्यावर तेच होतं, फक्त तिथे प्राणवायू आधी संपतो.

तांब्याबद्दल एवढंच: माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची बरीच औषधं तांब्याची असतात, आणि बिनकण्याच्या प्राण्यांना तांबं विषच. त्या टँकमध्ये पूर्वी कधी असं औषध गेलं असेल तर दगड आणि वाळू ते धरून ठेवतात. जुना टँक विकत घेतला असेल तर हे विचारून घ्या.

स्लग आणल्यावर पातळ नळीने थेंब-थेंब पाणी मिसळत तासाभराने सोडा. पिशवी तरंगवून दहा मिनिटांत ओतू नका.

५. त्याचं खाणं तुमच्याकडे आहे का, आणि किती दिवस पुरेल?

खरा प्रश्न इथे सुटतो. वरचं सगळं ठीक असूनही स्लग मरत असेल तर तो बहुधा उपाशी मरतोय.

बर्घियापासून सुरू करतो, कारण घरगुती टँकसाठी विचारपूर्वक आणावा असा हा जवळपास एकच न्यूडिब्रँक आहे. बर्घिया स्टेफनिए फ्लोरिडाकडची, दोन-तीन सेंटीमीटरची आणि टँकमध्ये वाढवलेली मिळते. ती फक्त एप्टेशिया खाते, म्हणजे रिफ टँकमध्ये, म्हणजे पोवळ्यांच्या टँकमध्ये, तणासारखे वाढणारे ते काचेसारखे तपकिरी ॲनिमोन. दुसरं काहीच नाही. म्हणून आणण्याआधी आपल्याकडचा ॲनिमोन एप्टेशियाच आहे ना, ते नीट बघा. माजानो नावाचा दुसरा उपद्रवी ॲनिमोन असतो, बुटका, जाड, टोकांना फुगवटे असलेला. बर्घिया त्याला शिवत नाही. माजानोच्या टँकमध्ये सोडलेल्या बर्घिया उपाशी मरतात आणि लोक विकणाऱ्याला दोष देतात. दुसरी गोष्ट म्हणजे धीर. बर्घिया रात्री काम करते, आधी छोटे एप्टेशिया खाते, अंडी घालते आणि तिची संख्या वाढली की मगच फरक दिसतो. यात आठवडे नाही, महिने जातात. मधेच अधीर होऊन एप्टेशियावर इंजेक्शन मारायला लागू नका, तेच तिचं अन्न. आणि शेवटचा एप्टेशिया संपला की उरलेल्या बर्घिया त्याच आठवड्यात दुसऱ्या एप्टेशियावाल्या मित्राला द्या. पुण्या-मुंबईत असे मित्र शोधायला वेळ लागत नाही.

लेट्यूस स्लग म्हणजे एलिसिया क्रिस्पाटा. कॅरिबियनचा. कडांना हिरव्या-निळ्या चुण्या असलेला, बघताक्षणी घ्यावासा वाटणारा. तो ब्रायॉप्सिस, डर्बेशिया अशा हिरव्या शैवालाच्या पेशी टोचून आतला रस पितो, आणि त्या रसातली हरितलवकं न पचवता स्वतःच्या अंगात साठवतो. ती हरितलवकं स्लगच्या अंगातही उजेडावर काम करत राहतात. हा प्रकार इतका विलक्षण आहे की मी अजूनही प्रत्येक नवा एलिसिया भिंगाखाली धरतो. कातडीखाली हिरवे बिंदू एकेक वेगळे दिसतात, फांद्यांच्या जाळीत भरल्यासारखे.

पण टँकवाल्याची फसगत इथेच होते. साठवलेल्या हरितलवकांवर एलिसिया उपाशीपोटीसुद्धा आठवडेच्या आठवडे तग धरतो. बाहेरून वाटतं की मस्त चाललंय. प्रत्यक्षात तो रोज थोडा आकसत असतो आणि एक दिवस नाहीसा होतो. त्यामुळे "महिनाभर चांगला होता आणि अचानक गेला" असं कुणी म्हणालं की मी आणलेल्या दिवशीचा फोटो मागतो. पट्टी शेजारी धरून आठवड्यातून एकदा फोटो काढला की हे आधीच कळतं. लांबी कमी होतेय म्हणजे खाणं नाही. काचेवरचा शैवालाचा पातळ थर त्याच्या उपयोगाचा नाही, त्याला केसाळ, रसदार हिरवं शैवालच लागतं. ते टँकमध्ये नसेल आणि रिफ्युजियममध्ये (शैवाल वाढवायच्या जोडटाकीत) वाढवायची तयारी नसेल तर एलिसिया घेऊ नका.

सी हेअर, विशेषतः डोलाबेला ऑरिक्युलारिया, केसाळ शैवालाने भरलेला टँक झपाट्याने साफ करतो. आपल्या हिंदी महासागरातलाच प्राणी, भारताच्या किनाऱ्यांवरही सापडतो. दुकानात तळहाताएवढा दिसतो, पण चाळीस सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो. शंभर-दीडशे लिटरच्या टँकमधलं शैवाल तो पाहता पाहता संपवतो आणि मग भुकेला राहतो. नोरी (वाळवलेल्या समुद्री शैवालाचा कागद) दगडाला रबराने बांधून काही जणांना त्याला जगवता येतं, पण तो नोरी घेईलच याची खात्री नाही. माझं मत असं की सी हेअर विकत घेण्यापेक्षा ओळखीतल्या माणसाकडून तात्पुरता आणावा, शैवाल संपलं की परत करावा. शाईची भीती आहेच. ती खाल्लेल्या लाल शैवालातल्या रंगद्रव्यापासून बनते, आणि घाबरला, दुखावला किंवा पंपात सापडला की तो ती सोडतो. म्हणून सी हेअर असताना घरात ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी आणि बदलायला तयार मिठाचं पाणी हवंच. याच कुळातल्या कॅलिफोर्नियाच्या ॲप्लिसियावर काम करून एरिक कँडल यांनी स्मृती चेतापेशींत कशी साठते ते दाखवलं आणि २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. प्राणी साधा दिसतो, पण तो शिकतो, लक्षात ठेवतो. पकडताना वारंवार छेडलेला सी हेअर हाताच्या सावलीनेसुद्धा आकसायला लागलेला मी पाहिलाय.

केलिडोन्युरा व्हॅरिअन्स: काळ्या मखमलीवर निळ्या रेघा. वर सांगितलेले वीटकरी चपटे कृमी खातो. कृमी संपले की उपाशी, आणि तसंही आयुष्य कमीच. कृमींचा खरोखर उपद्रव असेल तरच आणा.

बाकी दुकानात "न्यूडिब्रँक" म्हणून दिसणारे पांढऱ्या-निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे क्रोमोडोरिस आणि त्यांचे भाऊबंद स्पंज खातात. प्रत्येक जातीचा स्पंज ठरलेला, आणि तो आपल्याकडे विकत मिळत नाही. हे घरी टिकत नाहीत. लाल-केशरी स्पॅनिश डान्सर, म्हणजे हेक्साब्रँकस, तोही स्पंजवरच जगतो आणि हातभर वाढतो. कितीही सुंदर असला तरी तो विकत घेणं म्हणजे त्याला उपाशी मरायला आणणं. मी हे गिऱ्हाईकांना स्पष्ट सांगतो.

फिलिडियाचं वेगळं सांगायला हवं. काळं अंग, त्यावर निळसर उंचवटे, उंचवट्यांची टोकं पिवळी, आणि पाठीवर कल्ल्यांचा तुरा नाही, कारण कल्ले पायाच्या बाजूला खाली असतात. फिलिडिया व्हॅरिकोसा स्पंजमधलं विष स्वतःच्या कातडीत साठवते आणि त्रास झाला की चिकट द्रवातून सोडते. बंद पाण्यात या द्रवाने मासे आणि झिंगे मरतात. हे १९६३ सालीच शास्त्रीय लेखनात नोंदलं गेलंय. तरीही ती "हार्डी" म्हणून विकली जाते. घरगुती टँकमध्ये हिला जागा नाही.

एक शेवटची गोष्ट. बऱ्याच स्लगांचं आयुष्य वर्षभराच्या आतबाहेरचं असतं. पोट भरलेलं, आकार पूर्ण, अंडी घातलेली, आणि मग काही दिवसांत गेला, असं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

६. पोवळी खाणारा निघाला तर

हे काम वेळखाऊ आहे. मोंटिपोरा खाणारा स्लग काही मिलिमीटरचाच. टँकवाले वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडत होते, पण शास्त्रीय नाव त्याला मिळालं २०२० मध्ये: फेस्टिला सबओडिओसा. बाधित पोवळं आधी वेगळ्या, वाळू नसलेल्या छोट्या टँकमध्ये हलवा. मुख्य टँकमध्ये औषध टाकू नका, तिथले इतर प्राणीही जातील.

मग बाटलीवरच्या प्रमाणाने कोरल डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात पोवळं बुडवणं. आयोडीनवाले डिप मोठ्या स्लगना गाठतात, अंड्यांना नाही. डिपमध्येच पिपेटने जोरात फवारे मारा, पडलेले स्लग पांढऱ्या ताटलीत मोजा. नंतर भिंगाने कडा आणि खालची बाजू बघा, अंडी टूथब्रशने किंवा ब्लेडने खरवडा. ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) फ्रॅग, म्हणजे पोवळ्याचा तुकडा, चिकटवलाय तो प्लग सरळ फेकून द्या आणि नवा लावा. अंडी बहुधा प्लगच्या खाचेतच असतात, आणि डिप करूनही स्लग परत येतात ते याच कारणाने.

दर आठवड्याला पुन्हा डिप, किमान चार-पाच आठवडे, आणि शेवटच्या दोन वेळी ताटलीत एकही स्लग पडला नाही तरच पोवळं परत. दोनदा डिप करून थांबलात तर मागे राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. त्या काळात मुख्य टँकमध्ये मोंटिपोरा ठेवू नका. खाणं नाही म्हणजे तिथे राहिलेले स्लगही संपतात. इतकं नेमकं खाणं हीच त्यांची कमजोरी आहे, तिचा फायदा घ्या.

झोआंथिडसाठी पद्धत हीच, पण हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय नाही. कारण पुढे.

समुद्रकिनाऱ्यावर सापडलेला स्लग घरी आणावा का?

नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अली, कार्टर रोड, गिरगाव चौपाटीच्या खडकांवर छोटे एलिसिया आणि झालरवाले इओलिड सापडतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाची माणसं २०१७ पासून तिथे लोकांना फिरवून हे जीव दाखवतात, नोंदी ठेवतात. जरूर जा. स्लग ओळखायला शिकायची याहून चांगली जागा नाही, कारण तिथे तो आपल्या खाण्यावर बसलेला दिसतो. पण त्याचं खाणं त्याच खडकावर असतं, आणि खडक उचलून आणता येत नाही. दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथून काही उचलणं हा गुन्हा आहे.

आणि निळा, पंखांसारख्या झालरींचा ग्लॉकस कधी वाळूवर दिसला तर हात लावू नका. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर तो चेन्नईच्या बेझंट नगर किनाऱ्यावर आला होता. ब्लू बॉटल हा डंख मारणारा तरंगता समुद्री जीव खाऊन तिच्या डंखपेशी तो स्वतःच्या झालरींच्या टोकांत साठवतो, आणि त्या मेल्यावरही डसतात. भर समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागावर उलटा तरंगणारा प्राणी आहे, कुठल्याच टँकचा नाही.

थांबायचं कधी, आणि कुणाला बोलवायचं

मासे धापा टाकतायत आणि टँकमध्ये फिलिडिया, सी हेअर किंवा मेलेला स्लग आहे: मासे लगेच तयार ठेवलेल्या दुसऱ्या मिठाच्या पाण्यात हलवा, मुख्य टँकमध्ये कार्बन आणि एअरस्टोन टाका आणि टँक सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. पुढचे पाणीबदल किती आणि कसे, हे स्वतः अंदाजाने करू नका.

चार आठवडे डिप करूनही स्लग सापडतायत, किंवा तीनपेक्षा जास्त वसाहती एकदम खराब होतायत: थांबा. या अवस्थेत घरगुती उपायांनी पोवळी स्लगपेक्षा आधी मरतात.

झोआंथिड किंवा त्यांचाच भाऊबंद पॅलिथोआ असलेला दगड काढायची वेळ आली: तो उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते वाफेतून किंवा उडालेल्या थेंबातून माणसाच्या शरीरात जातं. दगड हाताळल्यावर तोंडात कडवट-धातूसारखी चव आली, ताप, थंडी किंवा खोकला सुरू झाला, डोळे लाल झाले, तर टँक तसाच सोडून घरातल्या सगळ्यांसह बाहेर मोकळ्या हवेत या आणि सरळ दवाखाना गाठा. डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द सांगा, बहुतेकांनी तो ऐकलेला नसतो. इथे वाट बघू नका.

स्लगची ओळखच पटत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायच्या संकेतस्थळावर टाका, तिथे भारतीय किनाऱ्यावरचे स्लग ओळखणारी माणसं आहेत. माझ्यासारख्या टँकवाल्याला फोन करणार असाल तर वरून, बाजूने, खालून असे तीन फोटो, शेजारी पट्टी धरून, तो ज्यावर सापडला त्याचा एक फोटो, टँक किती लिटरचा, सॅलिनिटी-तापमानाचे आजचे आकडे, गेल्या महिन्याभरात आलेल्या नव्या वस्तूंची यादी आणि आजवर टाकलेल्या प्रत्येक औषधाचं नाव एवढं आधीच पाठवा. नेमका हा शेवटचा तपशील बहुतेक वेळा राहून जातो, आणि मग सगळी तपासणी चौथ्या पायरीपासून पुन्हा करावी लागते.